पामोंतसाठी दगड

पामोंत म्हणायचा, दगड मारणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. एक रडता रडता मारतात. दुसरे आधी इकडेतिकडे बघून घेतात की आपल्याला कोण बघतंय, आणि मग मारतात. पहिल्यांचा दगड लागतो, दुसऱ्यांचा नुसता आवाज होतो. ज्याने उभा जन्म दगड खाण्यात घालवला त्याचं हे बोलणं मी तरी खोटं मानत नाही.

मेलेल्यांचे देह सुकवून जपणाऱ्या आमच्या मांडवातला तो चिरणारा होता. नदीच्या पश्चिम काठावर, शेतं संपून वाळू सुरू होते तिथे आमचा मांडव आणि त्याला टेकून आमची वस्ती. माणूस गेला की सगळ्यात आधी पोट दगा देतं. उन्हाळ्यात तर बघता बघता हिरवं पडतं आणि फुगतं. एकदा का देह सडला की तो माणूस दुसऱ्यांदा मेला; मग पश्चिमेच्या राज्यात त्याला ना हात, ना पाय, ना नाव. म्हणून पोथीवाला पुजारी डाव्या कुशीवर शाईने रेघ ओढायचा आणि पामोंत काळ्या दगडाच्या सुरीने त्या रेघेवर चिरायचा. आतलं सगळं बाहेर, हृदय तेवढं जागच्या जागी, कारण तिकडे पाप बघायला तेच तराजूत तोलतात, आणि मग देह सुकायला खारात. सडण्याच्या तोंडातून माणसाला ओढून काढणारा पहिला हात त्याचा असायचा, आणि शिव्याही पहिल्या त्यालाच पडायच्या.

कारण आपल्या माणसाच्या अंगावर कोणी सुरी चालवली तर घरच्यांना राग यायलाच हवा. चीर पडली की पामोंत सुरी टाकून मांडवाबाहेर धूम ठोकायचा आणि घरचे दगड घेऊन त्याच्या मागे. कालव्याच्या पुलापर्यंत मारायचं, त्याने पूल ओलांडला की थांबायचं. त्या दगडांनी चिरणाऱ्याचं पाप धुऊन निघतं. शिवाय आमच्यात असं मानतात की ज्या जखमेवर कोणी चिडलं नाही ती जखम मिटत नाही, आणि सडणं तिथूनच आत शिरतं. पण दगड मारून घरी निघून गेलं, असं होत नाही. ज्याने मारला तो मेलेल्याचा माणूस झाला. त्याने मग दर सणाला थडग्याशी जाऊन पाणी घालायचं, रोटी ठेवायची, आणि हे जन्मभर.

मी हेरांख. त्याच मांडवात जुनी कापडं फाडून पट्ट्या करते. माझं आणि पामोंतचं घर एका भिंतीचं. माझी जीभ तिखट आहे असं वस्तीत म्हणतात आणि ते खरं आहे, तेव्हा मी त्याला देवमाणूस वगैरे म्हणणार नाही. तो घोरायचा, भिंतीतून ऐकू यायचं. माझी सातूची बिअर न विचारता प्यायचा. आणि स्वतःच्या पळण्याचा त्याला भलता गर्व होता. केस पिकले तरी पुलावर पोचला की वळून एकदा मागे बघायचाच.

त्याची बायको आणि मुलगा एकाच तापाच्या साथीत गेले. दोघांनाही त्यानेच चिरलं, कारण दुसरा चिरणारा नव्हता. बायकोच्या भावांनी त्याला असा चोपला की त्याचा एक कान कायमचा वाकडा झाला. तो कान तो लोकांना कौतुकाने दाखवायचा. माझ्या बायकोवर तिच्या भावांचा किती जीव होता बघा, म्हणायचा. पुढे ते भाऊ सैन्यात गेले ते परतलेच नाहीत. पामोंतला स्वतःचं म्हणावं असं जगात कोणी राहिलं नाही.

कोठारातले मोठे कारकून गेले तेव्हाची गोष्ट वस्तीत अजून सांगतात. त्यांचे तीन मुलगे चुणीदार पांढरी वस्त्रं नेसून आले होते आणि बोटांच्या चिमटीत खडे धरून हळूच टाकत होते, जणू वस्त्र मळलं तर बाप रागावेल. पामोंत पळता पळता थांबला. वळला. कमरेवर हात ठेवून त्याने विचारलं, "बापासाठी मारताय की चिमण्या हाकलताय?" थोरल्याचं तोंड लाल झालं. त्याने जो धोंडा उचलला तो थेट पामोंतच्या पाठीत बसला. संध्याकाळी मी त्याच्या पाठीला मध लावत होते आणि हा खुशीत. म्हणाला, प्रेम होतं गं पोराचं, आत अडकून पडलं होतं एवढंच.

आता रेनपेतचं सांगते, कारण तिच्याशिवाय पामोंतची गोष्ट पुरी होत नाही. रेनपेत म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोट्यांची भट्टी असलेली. नवरा नाही, एकच मुलगी, तामीत. भर उन्हाळ्यात, नदीला पूर यायच्या आधी, तामीत गेली. रेनपेत तिला मांडीवरून खाली ठेवेना. पुजारी सांगून थकले, शेजारणी सांगून थकल्या. ती पोरीला वारा घालत बसली होती. ऊन चढत होतं. पामोंत कोणी न बोलावता तिच्या दारात गेला, पोरीच्या पोटाकडे एकदा बघितलं, आणि एक शब्द न बोलता तिला आईच्या मांडीवरून उचलून चालता झाला. रेनपेत त्याला ओरबाडत मांडवापर्यंत आली.

त्या दिवशी तिने मारलेला दगड मी विसरणार नाही. पामोंत पूल गाठत आला होता आणि सवयीने मागे वळला, आणि दगड नेमका तोंडावर बसला. पुढचा दात पडला. रक्त गाळत त्याने पूल ओलांडला. नंतर कोणाचं लक्ष नाही असं बघून तो परत आला, तो दगड शोधून उचलला आणि घरी आणून बिअरच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवला. दात मात्र त्याला सापडला नाही. देहाचा एक तुकडा हरवला म्हणून तो कितीतरी दिवस हळहळत होता.

त्यानंतर रेनपेतने त्याला रोटी देणं बंद केलं. मग त्याची रोटी मी आणायला लागले. मी एकटी एवढी खाणार नाही हे तिला न कळायला ती काही खुळी नव्हती. ती बरोबर एक रोटी बाजूला काढायची, खालून काळी ठिक्कर जळलेली, आणि माझ्या टोपलीत आपटायची. "ही त्या सुरीवाल्याला. दात नाही ना, चावू दे." हे दरवेळी. वर्षानुवर्षं. मला चीड यायची. तुझ्या पोरीला सडण्यातून काढलं त्याने, असं तिला सुनवावंसं वाटायचं, आणि एकदा मी तोंड उघडलंही. पण पामोंतने मला गप्प केलं. तो ती जळकी रोटी बिअरमध्ये बुडवून चवीने खायचा आणि म्हणायचा, बाईच्या मनात पोर अजून ताजी आहे.

मग ताबेस म्हातारी गेली. बिअर विकायची, लेकरू नाही, भाऊबंद नाहीत. पामोंतने तिला चिरलं, सुरी टाकली, बाहेर धावला, आणि मागे कोणीच नाही. तो मांडवासमोर उन्हात उभा राहिला. गल्लीतल्या लोकांना म्हणाला, अरे, हिची बिअर तुम्ही सगळ्यांनी प्यायली आहे, एक तरी दगड मारा. लोक खाली बघायला लागले. म्हातारीसाठी वाईट सगळ्यांनाच वाटत होतं, पण जन्मभर पाणी कोण घालणार. आम्हा मांडवातल्यांना तर मारता येतच नाही. ज्या हाताने जखम बांधायची त्या हाताने तिच्यासाठी दगड मारायचा नाही, असा नियम आहे.

पामोंतने स्वतःच एक दगड उचलला, सरळ वर आकाशात भिरकावला, आणि त्याच्याखाली मान खाली घालून उभा राहिला. दगड डोक्यात बसला. पोथीवाला होरुजा धावत बाहेर आला आणि म्हणाला, हे नियमात बसत नाही, मांडवातला हात आहे तुझा. पामोंत डोकं चोळत म्हणाला, "मी फक्त वर फेकला, महाराज. खाली आला तो ताबेसचा होता." होरुजाला हसू आवरेना. त्याने विषय तिथेच सोडला.

तेव्हापासून ज्यांना कोणी नाही ते सगळे पामोंतचे झाले. बुडालेले नावाडी, एक परदेशी शिपाई, रस्त्यात मरून पडलेली एक आंधळी बाई. प्रत्येकासाठी त्याने दगड वर फेकला आणि प्रत्येकाच्या खड्ड्याशी सणावाराला पाण्याची घागर घेऊन गेला. लोक त्याला हसायचे. त्याच्या डोक्यावरचे टेंगूळ मोजायचे.

एकदा तिन्हीसांजेला आम्ही छपरावर बसलो होतो. पामोंतने बिअर प्यायली, मडक्यावर दगड ठेवला आणि त्याच्यावरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, "हेरांख, माझ्यासाठी कोण मारणार गं?"

मी म्हटलं, तू काय आज मरतोयस का.

"मला कोणी नाही. दगड मारणारा नसेल तर दुसऱ्या गावचा चिरणारा मला हात लावणार नाही. तसाच खारात टाकतील. पोट आतून सडेल. इतक्या लोकांना मी त्यातून काढलं, आणि माझंच..." मी म्हटलं, तुझं पोट माझी बिअर पिऊन जिवंतपणीच सडलंय. तो हसला, पण मनापासून नाही. मला त्या माणसाची दया आली आणि मी ते त्याला कळू दिलं नाही.

तो गेला तो पळतच. कुंभाराची बायको वारली होती. पामोंतने चिरलं, धावला, कुंभाराची पोरं मागे, आणि एकही दगड त्याला गाठू शकला नाही. त्याने पूल ओलांडला, वळून बघितलं, आनंदाने हात वर केला आणि कठड्याला टेकून खाली बसला. परत उठला नाही. कुंभाराची पोरं रडायला लागली, त्यांना वाटलं आपणच मारलं. मी त्यांना सांगितलं, अरे, तो पूल ओलांडून गेला, तुमचं काही नाही त्यात.

पण नदीला पूर आलेला नव्हता, ऊन आग ओकत होतं, आणि पामोंत आमच्या मांडवात फळीवर पडला होता. दक्षिणेकडच्या गावातून होरुजाने जेहो नावाचा चिरणारा आणवला. जाडजूड, सावध माणूस. त्याने सुरीला हात लावायच्या आधी विचारलं, "घरचे कुठे आहेत?"

होरुजा म्हणाला, याला घरचे नाहीत.

"मग मी चिरत नाही. याच्या जखमेचं पाप मी कशाला घेऊन जाऊ? माझंही हृदय एक दिवस तराजूत पडायचंय." मी त्याला ताबेसची गोष्ट सांगितली, वर दगड फेकून बघ म्हटलं. तो म्हणाला, तुमच्याकडे चालत असेल, आमच्याकडे असले खेळ नसतात. दिवस मावळेपर्यंत थांबतो, मग मी निघालो. होरुजाचा चेहरा पडला. तो मला एवढंच म्हणाला, की पोटाचा रंग बदलायला लागलाय.

मी दारोदार फिरले. सगळ्यांनी पामोंतबद्दल चांगलंच सांगितलं. कोणी डोळे पुसले. पण पाण्याची गोष्ट निघाली की प्रत्येकाला घरातलं काहीतरी काम आठवायचं. चिरणाऱ्याला घरचा म्हणायचं म्हणजे काय, मुलाबाळांची लग्नं व्हायची आहेत, असं एकीने तोंडावर सांगितलं. माझं डोकं इतकं फिरलं की रागाने रडू यायला लागलं. मी पामोंतच्या घरात गेले, मडक्यावरचा तो दगड उचलला आणि रेनपेतच्या भट्टीवर गेले.

ती रोट्या काढत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आज जळकी नाही उरली. सांग त्याला, उपाशी राहा."

"तो गेला, रेनपेत."

तिचे हात थांबले. मी दगड तिच्यासमोर ठेवला. तिने तो ओळखला, लगेच ओळखला, आणि विचारलं हा कुठे होता. मी म्हटलं, त्याच्या बिअरच्या मडक्यावर, त्या दिवसापासून. मग मी तिला जेहोचं सांगितलं, दारं बंद झाली ते सांगितलं, पोटाचं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळेना. भट्टीतली रोटी जळत होती, तिचाही तिला पत्ता नव्हता.

ती आत गेली आणि गळ्यात बांधायच्या ताइताची एक जुनी थैली घेऊन आली. तिने ती माझ्या तळहातावर उलटी केली. आतून एक दात पडला.

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "त्या दिवशी पुलाशी पडलेला दिसला, उचलला. वर गेल्यावर लागणार नाही का त्याला? मला त्याच्यावर राग काढायचा होता, हेरांख. त्याला अर्धवट पाठवायचं नव्हतं."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं त्याला जळकी का खायला घातलीस.

"मी माफ केलं असतं तर माझा दगड खोटा ठरला असता. माझ्या पोरीची जखम उघडी पडली असती. त्याने तिला वाचवलं हे मला कळत नव्हतं का? तिला पट्ट्या बांधायच्या आधी मी चेहरा बघितला ना. झोपल्यासारखी होती." ती पदराने हात पुसायला लागली, मग पुसायची थांबली. "त्याला सगळं कळत होतं. म्हणून तर मुकाट्याने खायचा मेला."

तिने दगड उचलला आणि पिठाच्या हातांनी तशीच गल्लीतून निघाली. कपाळावर पीठ, केस सुटलेले, हातात दगड. लोक दारात आले. रेनपेतला तर कोणी उरलं नव्हतं, मग ही कुठे निघाली, म्हणून एकाने विचारलंच, कोण गेलं. ती थांबली नाही. "माझ्या घरचा माणूस गेलाय," ती म्हणाली. "चिरणाऱ्याला बघून घेते."

ज्या बाईने त्याला कधी धड रोटी दिली नाही तिनेच त्याला घरचं म्हटलं, मग बाकीच्यांना तोंड लपवायला जागा राहिली नाही. आधी कुंभाराची पोरं निघाली. मग दोन नावाडी, बुडालेल्यांचे सोबती, मान खाली घालून. मग ताबेसची बिअर प्यायलेले म्हातारे. जिने मला मुलांच्या लग्नांचं सुनावलं होतं ती मुलांनाच घेऊन आली. मांडवापाशी पोचेपर्यंत निम्मी वस्ती जमली होती आणि वाटेतले दगड कमी पडायला लागले होते.

जेहोने पडदा सारून बाहेर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. होरुजाने रेघ ओढली. रेघ सरळ आली. जेहोने चिरलं. चांगलं चिरलं, हे मी कबूल करते. मग सुरी टाकली आणि बाहेर पळाला.

पहिला दगड रेनपेतचा. त्याच्या खांद्यावर बसला. आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. कोठारातल्या कारकुनाचा थोरला मुलगा आता स्वतः मोठा कारकून झालाय, पोट सुटलंय. तो पालखीतून उतरला, पांढरं वस्त्र खोचलं आणि दोन्ही हातांनी धोंडे मारायला लागला. नावाडी मारत होते, कुंभाराची पोरं मारत होती, म्हातारे धावता येत नव्हतं म्हणून उभ्या जागेवरून मारत होते. सगळे रडत होते. कोण बघतंय हे कोणी बघत नव्हतं. मी मांडवाच्या दारात उभी होते. माझा हात मांडवाचा, मला दगड मारायची मनाई होती, पण शिव्यांना कोणी मनाई केली नव्हती. मला जेवढ्या येतात तेवढ्या सगळ्या मी दिल्या, घसा बसेपर्यंत. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जेहोने पूल ओलांडला तेव्हा त्याच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि एक चप्पल मागे राहिली होती. मी ती नेऊन दिली. तो धापा टाकत म्हणाला, "बाई, कोण होता हा? कोणी सरदार होता का?"

"चिरणारा होता. तुझ्यासारखाच."

त्याने पुलापलीकडच्या गर्दीकडे बघितलं. मग टेंगूळ चाचपून म्हणाला, एवढं धुतलंय की माझी मागचीही पापं गेली असतील. त्याने जायच्या आधी पामोंतच्या फळीशी येऊन डोकं टेकवलं. तेवढा तो भला होता.

देह खारातून निघाला तो सुका, कडक आणि घट्ट, पोट आत गेलेलं, कुठे डाग नाही. होरुजाने चिरेवर राखणीचा मेणाचा डोळा बसवला. दात मी माझ्या हाताने राळ लावून त्याच्या जागी बसवला. पट्ट्यांसाठी घराघरातून कापडं आली: कोणाचं नेसायचं, कोणाच्या पोराचं दुपटं, कारकुनाकडून चुणीदार पांढरं. सगळी मी फाडली आणि त्याला गुंडाळलं. आता पश्चिमेचा राजा ओसिरिस, त्याच्या दरबारात तो अख्खा उभा राहील, वाकड्या कानासकट. तो कान सरळ करू का, असं होरुजाने विचारलं होतं. मी नको म्हटलं, त्याला तो दाखवायचा असेल.

ताबेसच्या शेजारी त्याला ठेवलाय. पुढच्या सणाला पाणी घालायला इतकी माणसं आली की घागरी लागोपाठ रिकाम्या होत होत्या, आणि त्याच्या त्या कोणी नसलेल्या मंडळींच्या खड्ड्यांवरही लोकांनी आपापल्या घागरीतलं पाणी घातलं. बायकांनी मऊ गोड रोट्या ठेवल्या, खजूर ठेवले, कांदे ठेवले. रेनपेत सगळ्यांत शेवटी आली. तिने टोपलीतून एक रोटी काढून मधोमध ठेवली. खालून काळी ठिक्कर.

मी म्हटलं, अगं, आज तरी धड रोटी द्यायचीस त्याला.

"दात दिलाय ना परत," रेनपेत म्हणाली. "चावू दे."